मुरबाडचा ह्रस्व उकार

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सख्खे शेजारी तालुके. दोन्हीकडे भाताची खाचरे, दोन्हीकडे चार महिने धो धो पाऊस आणि वैशाखात डोक्यावर हंडा. सोयरीक इकडची तिकडे, म्हशाच्या यात्रेला बैल बघायला दोन्हीकडची माणसे. पण या दोन नावांत एक फरक आहे. शहापूरच्या 'पू'ला दीर्घ ऊकार आहे आणि मुरबाडच्या 'मु'ला ह्रस्व. शाळेत हा फरक चुकला तर अर्धा गुण जाई. संगणकात एका विशिष्ट प्रकारचा अपघात झाला, तर शहापूर धडधाकट परत मिळते आणि मुरबाडचा एक अवयव कायमचा जातो.

याचा प्रत्यय मला एका गावच्या वाचनालयात आला. शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत हे गाव आहे. वाचनालय 'क' वर्गाचे. दोन खोल्या, आठ-साडेआठ हजार पुस्तके, काही शे सभासद. माझे आजोळ त्या बाजूचे आणि माझा चरितार्थ संगणकावर, त्यामुळे 'कॉम्प्युटरचं काही अडलं की याला बोलवा' अशी माझी तिथली ख्याती. वाचनालयाने जुना संगणक बदलून नवा घेतला. पुस्तकांची आणि सभासदांची यादी जुन्यातून नव्यात आणून देण्याचे काम एका कॉम्प्युटरवाल्याने केले, पैसे घेतले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी यादी उघडली, तर त्यात मराठीचे एक अक्षर नाही.

''दादा, हे बघा काय झालंय. हे फ्रेंच आहे की काय?'' त्यांनी विचारले.

फ्रेंच वाटावे असेच ते होते. डोक्यावर तिरकी काडी असलेला रोमन लिपीतला 'ए', मग चारी कोपऱ्यांना पाय फुटलेले एक वर्तुळ, मग आणखी काही तरी. पुन्हा तिरक्या काडीचा 'ए', पुन्हा वर्तुळ. ओळीच्या ओळी अशाच. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर त्याने 'तुमच्या मशीनमध्ये मराठी फाँट नसेल' असे उत्तर देऊन फोन ठेवला. फाँट होता. जुने दाखल रजिस्टर ताडून पाहावे म्हटले, तर त्याची पहिली काही वर्षांची पाने वाळवीने आधीच संपवली होती. म्हणजे ती यादी हाच त्या पुस्तकांचा एकमेव जन्मदाखला होता.

आता हा प्रकार नेमका काय असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तो वाचनालयापुरता नाही.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड या व्यवस्थेने एक क्रमांक दिला आहे, आणि तो साठवण्याची जी सर्वांत रूढ पद्धत आहे तिच्यात इंग्रजीच्या एका अक्षराला एक खण पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. काना हे वेगळे चिन्ह, वेलांटी वेगळे, अक्षराचा पाय मोडायचा तर ती खूणही वेगळी. या तीन खणांपैकी पहिल्यात नेहमी २२४ हाच आकडा असतो, दुसऱ्यात १६४ किंवा १६५, आणि खरे अक्षर कोणते ते तिसरा खण सांगतो. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'र' म्हणजे २२४, १६४, १७६.

हे आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना 'हे तीन-तीन मिळून वाचायचे' असा निरोप बरोबर जावा लागतो. तो निरोप वाटेत हरवला, की नवे यंत्र आपल्या जुन्या सवयीने एकेक खण सुटा वाचते, आणि ती सवय असते पश्चिम युरोपची. त्या कोष्टकात २२४ म्हणजे तिरक्या काडीचा 'ए', आणि १६४ म्हणजे ते पाय फुटलेले वर्तुळ. हे वर्तुळ कुठल्याच देशाचे नसलेले चलनचिन्ह आहे, कुणाच्या फारसे उपयोगी न पडलेले. आपल्या 'म'चा तिसरा आकडा तिथे नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा वर्तुळातला 'आर' होतो. 'र' म्हणजे तापमानाच्या अंशाचे टिंब. काना म्हणजे पाऊण, हो, तीन छेद चार. पहिली वेलांटी म्हणजे स्पॅनिश लोकांचे उलटे प्रश्नचिन्ह. आणि दुसरी वेलांटी लागली की जपानचा येन आणि युरोपचा युरो असे दोन्ही एकदम हजर! वाचनालयाच्या यादीत इतके परकीय चलन मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

पश्चिम युरोपचीच सवय का, तर ही यंत्रे आणि त्यांच्या आज्ञावल्या जिथे घडल्या तिथली ती लिपी. छोट्या-मोठ्या संस्थांच्या याद्या ज्यात ठेवल्या जातात तो 'मायएसक्यूएल' हा डेटाबेस १९९५ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाला. वेगळे काही सांगितले नाही तर तो शब्दांचा अनुक्रम स्वीडिश पद्धतीने लावत असे. २०१८ साली त्याची आठवी आवृत्ती आली तेव्हा ही मूळ सवय बदलली. तोवर आपल्याकडच्या कितीतरी पतपेढ्या, शाळा आणि वाचनालये आपल्याला न कळत स्वीडिश बाराखडीत नांदत होती.

हे ऐकून बाईंचा चेहरा उतरला. पण यात एक चांगली बाजू आहे. दिसायला सगळे भ्रष्ट दिसते, तरी आकडे जसेच्या तसे असतात; चुकलेले असते ते वाचन. प्रत्येक चिन्हाचा पुन्हा आकडा करायचा, तीन-तीनचे गट बांधायचे आणि देवनागरी म्हणून वाचायचे. काम यंत्र करते, क्षणात होते. अट एकच: मधल्या काळात कुणी त्या यादीला हात लावलेला नसावा. लोकांचा कल नेमका उलट असतो. विचित्र चिन्हे दिसली की ती 'साफ' करायची, एकेक नाव हाताने नव्याने टंकायचे, किंवा तीच आज्ञा पुन्हा चालवून बघायची. पुन्हा चालवली की तीन चिन्हांची सहा होतात, कधी सात. आमच्या सभासदांच्या यादीवर हा प्रयोग दोनदा झालेला होता. तिथे मग दोन वेळा उलटे यावे लागले.

उलटे आलो. कसारा आले, वासिंद आले, आसनगाव, डोळखांब, धसई, टोकावडे सगळी गावे सुखरूप आली. 'ययाती' आला, 'बनगरवाडी' आली. पण मुरबाडच्या 'म'नंतर प्रश्नचिन्ह. खर्डी फुटलेली, किन्हवली फुटलेली, म्हसाही फुटलेले.

कारण शोधता शोधता कळले ते असे. त्या युरोपीय कोष्टकात २५६ जागा आहेत, पण त्यातल्या पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. तिथे कुठलेच चिन्ह नेमलेले नाही. काही आज्ञावल्या तो आकडा तसाच जपून ठेवतात; काही मात्र शिस्तीच्या इतक्या कडक, की 'असे चिन्हच नाही' म्हणून तिथे प्रश्नचिन्ह ठोकून देतात आणि मूळ आकडा टाकून देतात. युरोपात या पाच जागांनी कुणाचे काही बिघडले नाही. पण आपल्या लिपीचे दैव पाहा! ह्रस्व उकाराचा शेवटचा आकडा १२९. पाय मोडण्याच्या खुणेचा १४१, म्हणजे बहुतेक सगळी जोडाक्षरे त्यात आली. 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. दीर्घ ऊकाराचा आहे १३०, आणि १३० च्या जागेवर एक स्वल्पविरामासारखे चिन्ह बसलेले आहे. शहापूर त्या एका आकड्याच्या फरकाने वाचले.

यातली खरी अडचण पुढची. ह्रस्व उकार आणि पाय मोडण्याची खूण, दोघांचेही पहिले दोन आकडे तेच. तिसरा गेला की दोन्ही अगदी सारखी दिसतात. म्हणजे 'श्यामची आई' आणि 'शुयामची आई' यांत यंत्राला फरक करता येत नाही. 'मृत्युंजय'मध्ये तर अशा दोन जागा, दोन्ही गेल्या. नाव मृत्युंजय, पण तो काही वाचला नाही. 'झाडाझडती'तले दोन्ही 'झ' गेले आणि तिथे 'झ' होता, 'ए' होता की 'ऐ' होता, हे यंत्राच्या लेखी सारखेच. अर्थात पुस्तकांची नावे माणसाला ओळखता येतात. बाई आणि त्यांची बारावीतली भाची संध्याकाळी बसत आणि माझ्याआधी उत्तर देत. गावांची नावे तालुक्याच्या यादीवरून लागली.

'ठ'ची कथा वेगळी आहे आणि ठाणे जिल्ह्याने ती ऐकायलाच हवी. 'ठ'चा शेवटचा आकडा १६०, आणि त्या कोष्टकात १६० म्हणजे कोरी जागा. न तुटणारी, पण कोरीच. मग आज्ञावली मोकळ्या जागा छाटू लागली की 'नीळकंठ'चा शेवट कापला जातो, आणि प्रत्येक पत्त्यातल्या 'जि. ठाणे'ला सुरुवातीलाच भोक पडते. मात्र इथे एक दिलासा होता. दोन आकडे शाबूत आणि तिसऱ्याच्या जागी काहीच नाही, अशी अवस्था मराठीत व्यवहारात फक्त 'ठ'मुळेच येते. त्यामुळे जिथे जिथे पोकळी दिसली तिथे तिथे निःशंक 'ठ' बसवला. काही शे पत्त्यांचे ठाणे एका ओळीच्या आज्ञेने उभे राहिले. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

जे शेपूट तुटून गेले त्याला मात्र इलाज नव्हता. यादीत पुस्तकाच्या नावाला ५० खण ठेवलेले. इंग्रजीला ते ऐसपैस. मराठीला ५० भागिले ३, म्हणजे सोळा चिन्हे, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. लांब नावे अर्ध्यावर कापली गेली होती. ती कपाटाशी जाऊन, पुस्तक हातात घेऊनच पुरी करावी लागली.

आणखी एक बिघाड आहे. तो प्रश्नचिन्हासारखा डोळ्यांत भरत नाही, म्हणून मला जास्त धोक्याचा वाटतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे आपल्याला दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या माळशेजला, दुसरा मुंबईला. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यास दिलेली दक्षिणा आणि गुरुस्थानी असलेल्या आचार्यास दिलेली, यांत फरक आहे. 'ऱ्य'मधली ती आडवी चंद्रकोरीसारखी रेघ ही मराठीची खास गरज. संगणकात ती दोन रीतींनी लिहिता येते. एक, वेगळा 'ऱ' वापरून. दुसरी, नेहमीच्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य सांधा ठेवून. हा सांधा डोळ्यांना दिसत नाही, त्याला रुंदीही नाही. यादी 'साफ' करणाऱ्याला तो कचरा वाटतो आणि तो काढून टाकतो. मग महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा 'शेतकर्याचा' होऊन बसतो. कुठे प्रश्नचिन्ह नाही की परकीय चलन नाही. सगळे ठाकठीक दिसते आणि चूक कायमची मुरते. ज्यांची आडनावे गोऱ्हे किंवा कऱ्हाडे आहेत त्यांना याचा अनुभव विचारून पाहा.

मराठी मजकुराचे हे असले स्थलांतर काही पहिले नव्हे. जुनी दफ्तरे मोडीत होती. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, त्यामुळे मोडीतून बाळबोधीत नक्कल करणारा कारकून स्वतःच्या समजुतीने वेलांट्या देई. पुढे टंकयंत्र आले, त्याच्या कळांवर जी जोडाक्षरे मावली नाहीत ती पाय मोडून लिहिली गेली. १९९० च्या सुमारास मराठी संगणकावर रुळू लागली. पुण्याच्या सी-डॅकने, खासगी कंपन्यांनी आपापले फाँट काढले. भारतीय मानक ब्यूरोचे 'इस्की' हे मानक १९९१ चे, आणि युनिकोडची देवनागरी त्याच्याच १९८८ च्या आधीच्या रूपावर बेतलेली. पण छपाईवाल्यांना मानकाशी कर्तव्य नव्हते, पान सुंदर दिसल्याशी होते. त्या फाँटांत आत इंग्रजी अक्षरेच असत, वरून मराठीचा मुखवटा. पहिली वेलांटी जशी कागदावर आधी दिसते तशीच आधी साठवलेली. मुखवटा काढला की आत निरर्थक इंग्रजी. त्या काळचे किती दिवाळी अंक आणि स्मरणिका अशा मुखवट्याआड अडकून पडल्या असतील! मोडीला स्वतःला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली.

वाचनालयाच्या यादीत एखादा उकार गेला तर फार तर पुस्तक शोधायला वेळ लागतो. सातबाऱ्यावर गेला तर? हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर आले, एका आज्ञावलीतून दुसरीत गेले. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले, म्हणजे संगणकातला उतारा गावासमोर वाचून चुका काढायच्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. हे काम प्रचंड होते आणि त्याबद्दल आदरच आहे. पण ज्याच्या नावाचा एक अवयव प्रवासात निखळला त्याला तो बसवून घेण्यासाठी महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. अर्ज, जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल, फेरफार, चकरा. आधार कार्डावर नाव इंग्रजीतून मराठीत यंत्राने उतरवले असेल तर तिथे तिसरेच. इंग्रजीत 'ळ' नाही, म्हणून शिवळ्याचे शिवले होते; इंग्रजी 'एमएच'वरून म्हसाचे महसा होते. मग 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमीन जिथे जाते आणि मोबदला जिथे येतो तिथे नावातल्या एका टिंबालाही किंमत असते. आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंचे पैसे एका ठिकाणी केवळ आडनावातल्या मोडलेल्या पायापायी पाच महिने अडले. ''माझं नाव मी लिवलंच न्हाई कधी, तर मी चुकवीन कसं?'' हा त्यांचा प्रश्न होता. टेबलापलीकडच्या माणसाकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि त्यालाही दोष देता येत नाही; त्याच्या पडद्यावर जे होते तेच तो वाचत होता.

यादी दुरुस्त करताना आम्ही एक नियम ठरवला. तो सुचला नाणेघाटामुळे. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. वरच्या लेण्यात सातवाहनांचा, राणी नागनिकेशी जोडला जाणारा ब्राह्मी लेख आहे. भिंतीवरची कितीतरी अक्षरे झिजलेली, खडक फुटून गेलेली. पण लेख वाचणाऱ्या पंडितांची एक रीत आहे: जे दिसते ते तसेच द्यायचे, जे गेले तिथे टिंबे द्यायची, आणि आपला तर्क असेल तर तो कंसात घालायचा. तर्क आणि पुरावा यांची सरमिसळ करायची नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडाला जो न्याय, तो कालच्या यादीला का नको? म्हणून आम्ही मूळ भ्रष्ट यादीची एक प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवली, आणि दुरुस्त यादीत जे अक्षर यंत्राने खात्रीने परत दिले ते काळ्यात, जे आम्ही ओळखले ते निळ्यात ठेवले. उद्या कुणाला शंका आली तर कुठे पाहायचे ते कळेल.

निळ्यातली पुस्तके महिन्याभरात संपली. राहिली ती माणसे. पुस्तकाच्या नावाला साहित्याचा आधार असतो, गावाच्या नावाला नकाशाचा; माणसाच्या नावाला त्याच्याखेरीज कुणाचा? एक सभासद होत्या, 'स' नंतर प्रश्नचिन्ह आणि पुढे 'मिता'. सुमिता की स्मिता? दोन्ही नावे खरी, दोन्ही नावांच्या बाया गावात असू शकतात. भाचीने 'स्मिता' लावून टाकायचे ठरवले होते, कारण तेच जास्त आढळते. बाईंनी तिला थांबवले. पत्ता पाड्यावरचा होता. एका रविवारी आम्ही चालत गेलो. त्या अंगणात भात वाळवत होत्या.

''सुमिता,'' त्या म्हणाल्या. ''पण शाळेत मास्तरांनी स्मिताच लावलं होतं. दाखल्यावर तेच आहे. घरात कुणी म्हणत नाही.''

''मग आम्ही काय लिहू, ताई?'' बाईंनी विचारले.

त्या जरा हसल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ''वाचनालयात सुमिता लिहा. दाखल्याचं मी बघीन.''

अशी एकोणीस नावे अजून निळ्यात आहेत. कुणी गाव सोडून कल्याण-भिवंडीकडे गेले, कुणाचे फोन लागत नाहीत. त्यांच्या नावांपुढे बाईंनी एक फुली केली आहे, आणि त्यातला कुणी पुस्तक बदलायला आला की पुस्तकाच्या आधी त्याला कागद आणि पेन मिळते.